वीज फोनवर विकत मिळत नाही : वसई-विरारच्या गाळेधारकांना आणि दुकानदारांना जाहीर आवाहन

वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार, कामण, नायगाव इथल्या गाळेधारकांनो आणि नालासोपारा-विरारच्या चक्की, बेकरी, डेअरीवाल्यांनो,

"सर, लाइटबिल तीस टक्क्यांनी कमी करून देतो, फक्त ग्राहक क्रमांक सांगा." असा फोन तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. विनंती अशी की त्या फोनवर कशालाही 'हो' म्हणू नका. क्रमांक, बिलाचा फोटो, ओटीपी यातलं काहीही देऊ नका. आधी कागद मागा. कागद मागितल्यावर निम्मे फोन आपोआप बंद होतात.

असा फोन खरा वाटतो, यात आपला भोळेपणा कमी आणि भूगोल जास्त आहे. खाडीपलीकडे भाईंदरमध्ये टाटा की अदानी, अशी निवड ग्राहकाला खरोखरच करता येते. कामणच्या रस्त्याने भिवंडीत गेलं की टोरंट. पण भिवंडीकरांनी टोरंट निवडलेली नाही, 2007 पासून ती तिथे महावितरणची फ्रँचायझी म्हणून काम करते. वसई-विरारचा गाळा मात्र महावितरणचाच ग्राहक आहे. "कंपनी बदलून देतो" म्हणणारा भाईंदरची सोय वसईत विकतो आहे. उन्हाळ्यात लाइट गेली की मोल्डिंगच्या मशीनमध्ये माल अडकतो आणि संतापाच्या भरात आपण कुणाचंही ऐकून घेतो. तो संताप रास्त आहे, पण त्याचा इलाज दलालाकडे नाही.

आता कायदा काय म्हणतो ते. केंद्राच्या 2022 च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनुसार बाहेरच्या उत्पादकाकडून वीज घ्यायला 100 किलोवॅट किंवा त्याहून जास्त भार लागतो. म्हणजे साधारण 134 एचपी. तुमच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो आजच बघा. आपल्यातले बहुतेक जण त्याच्या जवळपासही नाहीत.

इथे हुशार दलाल पुढचं पान उलटतो. "कॅप्टिव्हला भाराची अट नाही," असं तो सांगतो, आणि हे खरं आहे. न सांगितलेली गोष्ट अशी की कॅप्टिव्ह म्हणजे प्रकल्पात मालकी. वापरणाऱ्यांकडे मिळून किमान 26 टक्के भांडवल हवं आणि वर्षाच्या विजेपैकी किमान 51 टक्के त्यांनीच वापरायला हवी. एखाद्या वर्षी हे गणित चुकलं तर क्रॉस-सबसिडी अधिभार अंगावर येतो. थोडक्यात, वीज घेतो आहोत अशा समजुतीत तुम्ही एका सौर कंपनीचे भागधारक होता. असा निर्णय सीएच्या टेबलावर घ्यायचा असतो, मशीनच्या आवाजात कानाला मोबाइल लावून नव्हे.

सोलरचे फोन निराळे. पीएम सूर्यघर योजनेतलं 78,000 रुपयांपर्यंतचं अनुदान घरगुती जोडणीसाठी आहे, गाळ्याला किंवा दुकानाला ते मिळत नाही. छतावर पॅनेल लावणं वाईट नाही, अनेकांना ते परवडतंही. पण तळमजल्याच्या गाळ्याला छत कुणाचं, हा प्रश्न फोनवाला विचारत नाही. इस्टेटची समिती मात्र नंतर विचारते.

सगळ्यात जास्त घोळ भाड्याच्या गाळ्यांत होतो. मीटर मालकाच्या नावावर, धंदा भाडेकरूचा आणि फोन उचलतो सुपरवायझर. त्याने 'हो' म्हटलं की पुढे कोण कुणाला बांधील, हे ठरवता ठरवता वर्ष जातं. महावितरणच्या बिलाची तक्रार ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे नेता येते, पण दलालाशी केलेला खासगी करार तिथे चालत नाही. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक आयोगापुढे मांडतानाही "हा व्यापारी हेतू" ही हरकत आडवी येते. म्हणून मालकांनी आणि भाडेकरूंनी आपसात एका ओळीचा लेखी करार करावा, की विजेबाबत कुठलीही संमती फक्त मीटरधारक देईल, आणि तीही लेखी.

ब्रिटनमध्ये वीज कंपनी निवडता येते, तरी तिथले छोटे दुकानदार याच फोनांनी हैराण आहेत. धंद्याच्या जोडणीसाठी तोंडी होकारही बंधनकारक ठरतो आणि घरगुती ग्राहकासारखी माघारीची मुदत मिळत नाही. दलालाचं कमिशन युनिटच्या दरातच मिसळलेलं असे. ते ग्राहकाला स्पष्ट दाखवण्याची सक्ती तिथे सगळ्या व्यवसायांसाठी 2024 मध्ये आली. आपल्याकडेही फोनवाल्याला पहिला प्रश्न हाच करावा : तुम्हाला पैसे कोण देतं?

"आज रात्री लाइन कापणार, या नंबरवर बोला" हा दुसरा प्रकार सरळ फसवणुकीचा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. शंका आली तर 1912 वर विचारा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 वर तक्रार करा आणि मग पोलीस ठाण्यात जा.

ज्यांनी आधीच सही केली आहे किंवा होकार दिला आहे, त्यांनी लाजून गप्प बसू नये. कराराची प्रत, कॉलची तारीख आणि असेल तर रेकॉर्डिंग आपल्या इस्टेटच्या कार्यालयात जमा करावं. एकाच दलालाचे दहा कागद एकत्र आले तर वकिलाला काम करता येतं. इस्टेटच्या पदाधिकाऱ्यांनी हे आवाहन मीटर रूमच्या दारावर मराठी, हिंदी आणि गुजरातीत लावावं, कारण फोन उचलणारा पोरगा तिन्हींपैकी कुठली भाषा वाचतो हे आपल्याला माहीत नसतं.

– वसई पूर्वेतील काही लघुउद्योजक