बंदुकीआधी कान

जून उजाडला की ब्लॅक रिव्हरकडच्या रानांतून लाशास सुरू होते. शाळा सोडून गेलेली माझी काही मुले तिथे हाकारे म्हणून जातात. सोमवारी भेटल्यावर विचारावे, "काय काय ऐकलेस रे?" तर उत्तर येते, "कुत्री आणि गोळ्या, सर." हरिणाविषयी एक अक्षर नाही.

हे मला बरे वाटत नाही. कारण हरीण बोलते, आणि एकच गोष्ट बोलत नाही. थंडीच्या याच महिन्यांत नर माजावर येतो, शिंगांना गवत-वेली गुंडाळून घेतो आणि मोठ्याने भुंकल्यासारखा ओरडतो. ते दुसऱ्या नराला आव्हान असते. मादीचा आवाज निराळा. पाडसाला बोलावताना ती हलके मिमावते, पण धोका दिसला की मान ताठ करून तोडक्या, खणखणीत आवाजात ओरडते आणि खूर आपटते. पाडसे या दिवसांत आईच्या मागेमागेच असतात. ज्याला हे दोन आवाज वेगळे ओळखता येत नाहीत, त्याने मिराडोरवर बसून बार काढावा, हे मला मान्य नाही.

अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात एल्क नावाचे थोरले हरीण आहे. सप्टेंबरात त्याचा नर आधी घोगरा, मग शिटीसारखा उंच चढत जाणारा सूर काढतो. तिथले शिकारी तोंडात लहानशी पिपाणी धरून त्याची नक्कल करतात. पण नुसती नक्कल पुरत नाही. दांडग्या नराचा आवाज काढला, तर दुबळा नर भांडण नको म्हणून निघून जातो, आणि कळप राखणारा नर कधी माद्या गोळा करून पलीकडच्या दरीत उतरतो. अर्थ न कळता शब्द उच्चारला की असेच होते, मग तो जंगलात असो की वर्गात!

आपले हरीण 1639 मध्ये डचांनी जावाहून इथे आणले. महाराष्ट्रातल्या सांबराचे ते जवळचे नातलग. ताडोबाच्या जंगलात सांबराने 'ढाँक्' केले की वाटाडे गाडी थांबवतात, कारण वाघ दिसल्याशिवाय किंवा त्याचा वास आल्याशिवाय सांबर सहसा ओरडत नाही. भारतात 1972 च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण मिळाले, शिकार बंद झाली, पण हा कान तिथे टिकला. आपल्या बेटावर वाघ कधीच नव्हता. तरी जावातल्या वाघासाठी असलेली ती आरोळी इथल्या हरिणाने जवळजवळ चारशे वर्षे सांभाळली आहे. आता ती माणसासाठी आणि कुत्र्यासाठी आहे. (भाषा टिकवण्यावर आपल्या सभांत जी भाषणे होतात, ती इथे आणत नाही.)

कोणी म्हणेल, हाक्याच्या गोंगाटात ऐकायचे काय? अगदी बरोबर. म्हणूनच ऐकणे आदल्या संध्याकाळी हवे. ज्या आजोबा-मामांनी जन्मभर हाके केले, त्यांना आवाजावरून नर, मादी, वाऱ्याची दिशा, सगळे सांगता येते, पण त्यांना कोणी विचारीत नाही. मुलाने परवान्याची गोष्ट काढली, तर घरच्यांनी एवढी अट घालावी: एक मोसम नुसते ऐकण्याचा. मालकाची परवानगी काढून आजोबांबरोबर रानाच्या कडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सूर्य मावळण्यापूर्वी तासभर बसायचे. कुत्रा नको, विजेरी नको, खिशातला फोन बंद.