ग्रीक येतं, वस्ती येत नाही

माझा बाप कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्रे उचलायचा. रविवारी त्याच सोललेल्या खांद्यावर इस्त्रीचा सदरा चढवून चर्चला. एकदा सेमिनरीतून ताजे पाळकसाहेब आले. म्हणाले, ख्रिस्तात जात नाही. बाप घरी येऊन म्हणाला, मग सोयरिकीत गाव-आडनाव काय खणतात रे?

दोस्तहो, सेमिनरीत ग्रीक शिकवतात, हिब्रू शिकवतात. शिकवा! पण नगरच्या मिशनकडे महार-मांगांचे वाडेच्या वाडे आले, आणि आपण घोकतो नाव कुणाचं? 1895 ला बाप्तिस्मा घेतलेल्या चित्पावन ना. वा. टिळकांचं. कवी मोठा, वादच नाही. पण त्या वाडेवाल्यांवर पेपरात प्रश्न किती मार्कांचा?

1981 ला बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळांनी शूद्रांच्या थिऑलॉजीचा सवाल टाकला. पुढं तिचीच दलित थिऑलॉजी झाली. आमच्या पाळकाच्या तोंडून हे नाव मी एकदाही ऐकलं नाही.

आणि सरकार? 1950 च्या राष्ट्रपती आदेशातला तिसरा परिच्छेद. 1956 ला शीख आत घेतले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती दलित अजून बाहेर. म्हणजे पाळक म्हणतो जात गेली, सरकार म्हणतं गेली, फक्त सोयरीकवाल्याला ती दिसते. यावर प्रवचन कोण करणार?

माझी बहीण करील. सेमिनरी पास आहे ती. तिला रविवारची शाळा दिलीय, पोरांची नाकं पुसायला. पंच कमिटीकडे तिनं एका रविवारची पंधरा मिनिटं मागितलीत. चार महिने झाले. कमिटी प्रार्थना करतेय म्हणे.