गॅस संपला, की जाळी तुंबली?

रोजमेळ जुळेनासा झाला म्हणून कोणताही व्यापारी तत्काळ हिशेबतपासनीसाला बोलावीत नाही. तो आधी स्वतः बेरजा पडताळतो, पावत्या चाळतो; बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. घरातील एसी मात्र थंडावा देईनासा झाला की पहिला हात फोनकडे जातो. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास पोहोचतो, तेव्हा मेकॅनिक दोन-दोन दिवस मिळत नाही. मिळाला तर ‘गॅस संपला आहे’ असे सांगतो आणि काही हजारांचे बिल हाती पडते. त्या आधी घरच्या माणसाने अर्धा तास तपासणीसाठी दिला, तर यांतील पुष्कळसा खर्च टळू शकतो.

प्रारंभ विजेपासून करावा. एमसीबी पडला असल्यास एकदाच वर करावा. पुन्हा पडला तर त्यास हात लावू नये, तो इलेक्ट्रिशियनचा विषय आहे. वीज जाऊन आल्यावर स्टॅबिलायझर आणि कॉम्प्रेसर काही मिनिटे थांबूनच सुरू होतात; तो बिघाड नव्हे. त्यानंतर रिमोट पाहावा. मुलांच्या हातून तो ‘कूल’ऐवजी ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’वर गेला असेल, तर यंत्र चालते पण खोली थंड होत नाही. तापमान २४ अंशांवर असावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर लावलेले येतात, आणि एक अंश वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा त्या ब्युरोचा अंदाज आहे.

तिसरी गोष्ट जाळीची, आणि खरी मेख बहुधा इथेच असते. नाशिकच्या उन्हाळी वाऱ्याबरोबर येणारी धूळ पंधरवड्यात जाळी भरून टाकते. हवा पुरेशी न आल्यामुळे आतील कॉइलवर बर्फ जमतो, थंडावा कमी होतो आणि बर्फ वितळला की भिंतीवरून पाणी ओघळते. अशा वेळी एसी बंद करून तीन-चार तास केवळ पंखा चालवावा. बर्फ टोकदार वस्तूने खरवडू नये. जाळी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. बर्फ नसतानाही पाणी गळत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे किंवा तिचे टोक वर आले आहे, हे पाहावे.

बाहेरील यंत्रासमोर खोकी, वाळत घातलेले कपडे वा कुंड्या असल्या, तर आतील उष्णता बाहेर पडू शकत नाही. गॅलरीतील या यंत्रामागे कबुतरे घरटी करतात. घरट्यात अंडी किंवा पिले असतील, तर ती उडून जाईपर्यंत यंत्र बंद ठेवणेच योग्य. हंगामाआधी फेब्रुवारीतच जाळी बसविली, तर हा प्रसंगच येत नाही.

एवढे झाल्यावर एक साधी परीक्षा घ्यावी. पंधरा मिनिटे एसी चालवून जाळीजवळील आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान थर्मामीटरने मोजावे. दोहोंत साधारण ८ ते १२ अंशांचे अंतर असल्यास यंत्र आपले काम करीत आहे. दोष उघड्या फटींचा, पश्चिमेच्या उन्हाचा किंवा खोलीच्या मानाने लहान यंत्राचा असू शकतो. अंतर फारच कमी असेल किंवा स्वच्छ जाळीवरही पुन्हा बर्फ जमत असेल, तर मेकॅनिकला अवश्य बोलवावे.

गॅसविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एसीतील गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरप्रमाणे जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला, तर त्याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. म्हणून आधी दाब मोजून दाखविण्यास, गळती शोधून बंद करण्यास, नळ्यांतील हवा व ओलावा पंपाने काढून टाकण्यास आणि मगच गॅस भरण्यास सांगावे. बाहेरील यंत्राच्या पट्टीवर गॅसचे नाव आणि ग्रॅममधील वजन छापलेले असते. माल तोलून घेणाऱ्या कुटुंबाने गॅसही तोलूनच घ्यावा.

कूलरचे शास्त्र निराळे आहे. तो कोरड्या हवेतच चालतो आणि त्याला खिडकी उघडी लागते. जूनमध्ये हवा दमट झाल्यावर तो निष्प्रभ ठरला, तर तो दोष यंत्राचा नव्हे. पाण्याला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा आणि आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करावी, म्हणजे डासांची उत्पत्तीच होत नाही.

हिवाळ्यात निफाडचे तापमान अनेकदा राज्यात नीचांकी असते. त्या दिवसांत गिझरच्या तक्रारी वाढतात. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास २ किलोवॅटच्या गिझरला सुमारे ३५ मिनिटे लागतात. पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ लागू लागला, तर आत क्षार साठल्याचा संशय घ्यावा. पाण्याला हलकासा जरी शॉक जाणवला, तरी गिझर तत्काळ बंद करावा.

गॅस गिझरच्या बाबतीत मात्र घरगुती प्रयोग सर्वथा वर्ज्य मानावेत. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास रंग नसतो, वास नसतो. बंद न्हाणीघरात या वायूने गुदमरून मृत्यू ओढवल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. ज्योत पिवळी दिसू लागली किंवा स्नान करताना डोके जड झाले, तर गिझर बंद करून तत्काळ बाहेर यावे. इथे वाचविलेले चार पैसे कोणत्याही खात्यात जमा होत नाहीत.

प्रत्येक यंत्राची एक छोटी वही ठेवावी : खरेदीची तारीख, हमीची मुदत, जाळी धुतल्याचे दिवस, भरलेल्या गॅसचे वजन, बदललेला भाग आणि पक्के बिल. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. हमी चालू असताना बाहेरच्या माणसाकडून यंत्र उघडून घेऊ नये. तक्रार न सुटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथेही ही वहीच उपयोगी पडेल.