फॉरवर्ड करणाऱ्याचे हात कोरडेच?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा हे गाव. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढा भागातून आलेल्या, भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना 'मुले पळवणारी टोळी' समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर तशा अफवा फिरत होत्या. त्या काळात देशभर पसरलेली एक चित्रफीत तर मुलांच्या सुरक्षिततेसाठी कराचीत बनवलेल्या जाहिरातीची होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता!

'तंत्रज्ञान वाईट नसते, वापरणारा वाईट असतो', असे आमच्या आय.टी.तील मंडळी अशा वेळी हमखास म्हणतात. मला हे साफ अमान्य आहे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. म्हणजे लगाम उपलब्ध होता; घोडा उधळून माणसे मेल्यावर तो ओढला गेला. एखादे बटण किती सोपे ठेवायचे हे अभियंते ठरवतात, आणि तो निव्वळ तांत्रिक निर्णय नसतो.

पण सगळे खापर कंपनीवर फोडून आपली सुटका नाही. हे संदेश कुलूपबंद असतात, कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. ते तसेच असावे. सरकारने माझी पत्रे फोडावीत असे मला मुळीच वाटत नाही. परंतु मग दारावर पहारेकरी कोण? वर्तमानपत्राला संपादक असतो. इथे संपादक आपणच.

आपण राहतो त्या जर्मनीने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला. १८९८ मध्ये बिस्मार्क वारले, तेव्हा दोन छायाचित्रकारांनी रात्री गुपचूप खोलीत शिरून मृतदेहाचा फोटो काढला. तो विकायला निघाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्यातून पुढे १९०७ चा कायदा आला: माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही. म्हणूनच किंडरगार्टनमध्ये मुलांच्या फोटोसाठी आपली सही घेतात, आणि आपण ती शहाण्यासारखी करतो.

मग तीच शहाणी माणसे संध्याकाळी गावाकडच्या ग्रुपवर अनोळखी माणसाचा फोटो 'सावधान!' म्हणून कशी ढकलतात? इथे नियम, तिथे काहीही? आग लागली तर ती तिकडे लागते, आपल्या अंगणात धूरही येत नाही.

आपल्या हेर्त्सोगेनआउराखला 'वाकलेल्या मानांचे गाव' म्हणत. समोरच्याच्या पायात आदिदास की पूमा, हे बघूनच लोक बोलायचे. आज मान फोनसाठी वाकते, आणि माणूस न बघताच निकाल लागतो.

आता तर यंत्र कुणाचाही आवाज, कुणाचाही चेहरा बनवून देते. म्हणून मंडळाच्या ग्रुपसाठी एकच नियम सुचवतो: जो पाठवेल, त्याने ते कुठून आले हे स्वतःच्या नावाने सांगावे. सांगता येत नसेल तर पाठवू नये. 'खरे-खोटे माहीत नाही, आले तसे पाठवले' हे वाक्य यापुढे आपल्यात कुणी सबब म्हणून चालवून घेऊ नये.