ब्लॅक सॅबथचा ‘खरा’ गायक कोण? एका चुकीच्या प्रश्नाचा इतिहास

१/
ब्लॅक सॅबथचा खरा गायक ओझी ऑसबॉर्न की रॉनी जेम्स डिओ, हा वाद १९८० पासून चालत आला आहे. जुलै २०२५ मध्ये ओझीचे निधन झाले आणि तो पुन्हा पेटला. श्रद्धांजलीच्या ओघात ‘ओझी नाही तर सॅबथ नाही’ हे मत सिद्धांतासारखे फिरू लागले. हा धागा त्या सिद्धांताच्या विरोधात आहे. ओझीच्या विरोधात नव्हे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम हिशेब मांडू. १९७० ते २०१३ या काळात ब्लॅक सॅबथच्या नावावर १९ स्टुडिओ अल्बम निघाले. त्यांपैकी ९ ओझीचे, ५ टोनी मार्टिनचे, ३ डिओचे. इयन गिलन आणि ग्लेन ह्यूज यांचा प्रत्येकी १. म्हणजे निम्म्याहून अधिक अल्बमांचा मुख्य गायक ओझी नाही. आणि ज्या डिओच्या नावाने रणे माजतात, त्याच्याहून अधिक अल्बम गायलेला माणूस या वादात कुठेच सापडत नाही. त्या गैरहजर माणसाची बाजू मांडणे हा या लेखनाचा मुख्य हेतू.

३/
बँडचा उगम १९६८ चा, बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगारवस्तीतला. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करी. वयाच्या १७व्या वर्षी, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोप्या केल्या, वर कातडे चिकटवले आणि पुन्हा वाजवू लागला.

४/
टोप्या घातलेल्या बोटांना जाड तारा पेलत नव्हत्या. म्हणून त्याने बारीक तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून गिटार खालच्या पट्टीत उतरवली. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मधील अनेक गाणी तीन अर्धस्वर खाली आहेत. हेवी मेटलचा तो जड, खोल नाद कोणाच्या गळ्यातून आलेला नाही. तो एका जखमी हाताच्या सोयीतून आणि त्या हाताच्या जिद्दीतून आला आहे. बँडच्या ओळखीचा पहिला पुरावा हा.

५/
दुसरा पुरावा म्हणजे पहिल्या अल्बमातले पहिलेच गाणे (फेब्रुवारी १९७०). त्याची रिफ, म्हणजे गिटारवर पुन:पुन्हा येणारी स्वरावळ, आपल्या भाषेत सांगायची तर षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम एवढीच आहे. भीती तिथे आहे, गायकाने तोंड उघडण्याआधीच. आणि गायकाच्या तोंडचे शब्द? ओझीच्या काळातील बहुतेक गीते बासवादक गीझर बटलरने लिहिली. ‘वॉर पिग्ज’मधील युद्धखोरांवरचा संतापही त्याच्याच लेखणीचा.

६/
मग ओझीने काय दिले? पुष्कळ दिले, त्याचे माप योग्य जागी घ्यावे इतकेच. त्याच्या गळ्याला तालीम नव्हती आणि तेच त्याचे बळ होते. तो कोणी नायक वाटत नाही. कारखान्याच्या दारात उभा राहून काहीतरी भयंकर पाहणारा सामान्य माणूस वाटतो. त्याची चाल अनेकदा रिफच्या सावलीसारखी चालते. ‘आयर्न मॅन’मध्ये गिटार आणि गळा एकाच वाटेने जातात. असा गायक दुसरा मिळाला नाही, हे निर्विवाद.

७/
परंतु ज्याला ‘शुद्ध’ सॅबथ म्हणतात, तो काळ तरी कितीसा शुद्ध होता? १९७६ च्या ‘टेक्निकल एक्स्टसी’तील ‘इट्स ऑलराइट’ ढोलवादक बिल वॉर्डने गायले आहे. १९७७ च्या अखेरीस ओझी निघून गेला, तेव्हा डेव्ह वॉकर गायक झाला आणि त्याच्यासह बँड बीबीसीच्या दूरचित्रवाणीवरही दिसला. ओझी परतला, पण वॉकरच्या वेळची गाणी गायला त्याने नकार दिला. १९७८ च्या ‘नेव्हर से डाय!’मधील एक गाणे पुन्हा वॉर्डलाच गावे लागले.

८/
१९७९ मध्ये ओझीला बँडमधून काढण्यात आले. डिओ आला आणि एप्रिल १९८० मध्ये ‘हेवन अँड हेल’ निघाला. आता गायक रिफच्या मागून चालेना. तो तिच्यावर स्वतंत्र चाल बांधू लागला. त्याला वाट देण्यासाठी आयोमीने आपली रचना बदलली, गीतलेखनही डिओकडे गेले. थकलेल्या बँडला दुसरे आयुष्य मिळाले. ओझीपंथीयांना एवढेच स्मरण द्यावेसे वाटते की मैफलीत तर्जनी आणि करंगळी उभी करून आपण जी खूण करता, ती मेटलच्या जगात रूढ करण्याचे मोठे श्रेय डिओला जाते. त्याने ती आपल्या इटालियन आजीकडून घेतली होती. दृष्ट लागू नये म्हणून ती बोटे तशी धरी.

९/
यावर ठरलेला आक्षेप येतो: डिओची सॅबथ चांगली असेल, पण ती वेगळी बँड, मूळ चौघे असतील तरच सॅबथ. आक्षेप सरळ आहे, म्हणून त्याची कसोटीही सरळ घेऊ. २०१३ चा ‘१३’ हा अल्बम हेच लोक निःशंकपणे सॅबथचा मानतात. त्यावर बिल वॉर्ड नाही. कराराच्या अटी मान्य न झाल्याने तो बाहेर राहिला आणि ढोल ब्रॅड विल्कने वाजवले. तेव्हा चौघांचा नियम कुठे गेला? तो नियम चौघांचा कधी नव्हताच. तो एकाचा होता, आणि ते एक नाव मंचाच्या मध्यभागी उभे राहणाऱ्याचे.

१०/
आक्षेपाची एक बाजू मात्र खरी आहे आणि ती लपवणे अप्रामाणिक ठरेल. १९८३ च्या ‘बॉर्न अगेन’नंतर डीप पर्पलचा इयन गिलन जेमतेम एक दौरा करून आपल्या जुन्या घरी परतला, त्या दौऱ्यात सॅबथ ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवत होती. १९८६ चा ‘सेव्हन्थ स्टार’ तर आयोमीचा एकल अल्बम व्हायचा होता. रेकॉर्ड कंपनी आणि व्यवस्थापक यांच्या आग्रहामुळे त्यावर सॅबथचे नाव चढले. तिथे नाव पाटीपुरते उरले होते, हे मान्य केलेच पाहिजे.

११/
याच पडझडीत टोनी मार्टिन येतो, तोही बर्मिंगहॅमचाच. १९८७ चा ‘द इटर्नल आयडॉल’ आधी रे गिलेन या गायकाच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाला होता. तो निघून गेला आणि मार्टिनने सगळी गाणी नव्याने गायली. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा घालून पदार्पण करावे लागलेला हा गायक. पुढे १९८९ मध्ये ढोलवादक कोझी पॉवेलच्या साथीने ‘हेडलेस क्रॉस’ आला आणि १९९० मध्ये ‘टीर’, ज्यातील काही गाणी नॉर्स पुराणकथांवर आहेत. जी बँड दर वर्षी गायक बदलत होती, तिला मार्टिनच्या आवाजाने पुन्हा सलग चेहरा दिला.

१२/
त्याचे फळ काय मिळाले? १९९२ च्या ‘डीह्युमनायझर’साठी डिओला परत बोलावले आणि मार्टिनची जागा गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे ओझीच्या तथाकथित निरोपाच्या मैफली होत्या. ओझीच्या आधी वाजवायला डिओने नकार दिला; दोन रात्री जुडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड सॅबथसाठी गायला. मग मार्टिनला पुन्हा हाक गेली. त्याने ‘क्रॉस पर्पजेस’ (१९९४) आणि ‘फॉरबिडन’ (१९९५) गायले. १९९७ मध्ये मूळ संच एकत्र आला आणि मार्टिनचे काम संपले.

१३/
‘फॉरबिडन’ दुबळा अल्बम आहे, यात वाद नाही. पण दुबळे अल्बम ओझीच्या वाट्यालाही आहेत. ‘टेक्निकल एक्स्टसी’ आणि ‘नेव्हर से डाय!’ यांच्याकडे बोट दाखवून कोणी ओझीला इतिहासातून वगळत नाही. मार्टिनला मात्र एका ‘फॉरबिडन’वरून निकालात काढतात आणि ‘हेडलेस क्रॉस’ ऐकण्याचीही गरज उरत नाही. एकाला त्याच्या उत्तम कामावरून जोखायचे आणि दुसऱ्याला त्याच्या पडत्या कामावरून, याला रसिकता म्हणत नाहीत. याला पक्षपात म्हणतात.

१४/
हा पक्षपात गप्पांपुरता राहिला असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. २००६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने सॅबथचा सन्मान केला तो फक्त मूळ चौघांचा; डिओलाही त्यात जागा नव्हती. त्याच वर्षी आयोमी, बटलर, डिओ आणि ढोलवादक विनी ॲपिसी एकत्र आले, तेव्हा त्यांनी ‘हेवन अँड हेल’ हे नाव घेतले. त्यांच्या २००९ च्या अल्बमावर सॅबथ हे नाव नाही. त्याच वर्षी त्या नावाच्या मालकीवरून ओझीने आयोमीवर दावा लावला. तो २०१० मध्ये मिटला. खरी सॅबथ कोणती, हा प्रश्न असा न्यायालयाच्या दारापर्यंत गेला होता.

१५/
सर्वांत मोठी किंमत मार्टिनने मोजली. १९८९ ते १९९५ मधील त्याचे चार अल्बम कित्येक वर्षे बाजारात जवळजवळ दुर्मीळ होते. मे २०२४ मध्ये ‘ॲनो डोमिनी’ या संचात ते एकत्र आले आणि ‘फॉरबिडन’चे मिश्रण आयोमीने स्वतः नव्याने केले. ‘हेडलेस क्रॉस’ ते हा संच यांत ३५ वर्षांचे अंतर आहे. त्या काळात वयात आलेल्या श्रोत्यांनी मार्टिनला नाकारले असे म्हणताच येणार नाही. बहुतेकांना तो ऐकायलाच मिळाला नव्हता. जे ऐकायला मिळत नाही ते महत्त्वाचे नसेल, असे श्रोता धरून चालतो. आणि ज्याला मागणी नाही ते कशाला छापायचे, असे कंपनी म्हणते. विस्मरण असे दोन्ही हातांनी घडते. त्यातला एक हात चाहत्याचा असतो.

१६/
म्हणून ‘खरा गायक कोण’ हा प्रश्न मला घातक वाटतो. तो गादीच्या वारसाहक्काचा प्रश्न आहे, आणि गादीवर एकच बसतो. त्याऐवजी विचारावे: हा गळा आल्यावर आयोमीच्या हाताने काय वेगळे केले? ओझीसाठी रिफ वाट झाली, डिओसाठी चौथरा, मार्टिनसाठी मंदिराचा उंच घुमट. एकच जखमी हात प्रत्येक आवाजासाठी वेगळी वास्तू बांधत गेला. ती वास्तुकला समजून घेणे म्हणजे सॅबथ समजून घेणे.

१७/
५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघे अखेरचे एकत्र वाजले. वॉर्डही होता. सतरा दिवसांनी ओझी गेला. त्या दिवसाचे अश्रू खरे होते आणि त्या निरोपावर ओझीचा पूर्ण हक्क होता. पण एका माणसाला निरोप देण्यासाठी दुसऱ्याचे काम पुसावे लागत नाही. पुढच्या वेळी हा वाद निघेल तेव्हा बाजू घेण्याआधी ‘हेडलेस क्रॉस’ आरंभापासून शेवटपर्यंत एकदा ऐकावा. न आवडला तर तसे खुशाल म्हणावे. ऐकून नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

(धागा समाप्त)