लॅटिन म्हणून परकं?

मध्ययुगीन इतिहास म्हणजे बखरी आणि फार तर फारसी तवारिखा, असं आमच्या वरवंडपासून हिंजवडीपर्यंत सगळेच धरून चालतात. चर्चचं लॅटिन लिखाण पुढे केलं की उत्तर ठरलेलं, "ते मिशनऱ्यांचं, आपलं काय त्यात?"

अहो, आहे ना! 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांना सोपाऱ्यात पुरणारा जॉर्डानस 1329 मध्ये कोल्लमचा बिशप नेमला गेला. त्याच्या 'मिराबिलिया'त आंबा आहे, फणस आहे, सती आहे. बिनछपराच्या बुरुजात पक्ष्यांसाठी उघडी ठेवलेली अग्निपूजकांची प्रेतंसुद्धा आहेत (पारशीच असणार, दुसरं कोण?). सातशे वर्षांपूर्वी आपल्याकडे हे डोळ्यांनी बघून लिहिणारे असे किती सापडतात?

तो अन्यधर्मीयांना नावं ठेवतो, कबूल. पुढे ड्रॅगनही आणतो. म्हणून सगळं फेकून द्यायचं? सभासदाच्या बखरीत भवानी बोलते, ती टाकली का आपण? चाळून घेतोच की. आणि ड्रॅगनच्या त्या मुलखात मी गेलेलो नाही, नुसतं ऐकलंय, असं जॉर्डानस स्वतःच लिहून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर इतिहास पाठवणाऱ्यांपैकी एकाने तरी कधी एवढं लिहिलंय?