घरामागची वाडी

दोस्तांनो, दिवेआगरला कोण कोण जाऊन आलंय? अरे वा, बरेच हात वर दिसताहेत! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यात समुद्राकाठी हे गाव आहे. चारेक किलोमीटर लांब वाळू, केवड्याची बनं, सुरूची झाडं आणि जेवणात उकडीचे मोदक. 'आमची सहल' या निबंधात हे सगळं तुम्ही लिहिलं असणार. आता एक सांगा. तुम्ही ज्या घरी उतरलात, त्या घराच्या मागं काय होतं?

"झाडं होती," एवढंच ना?

त्या झाडांना वाडी म्हणतात. घाटावर वाडी म्हणजे छोटी वस्ती, पण इकडं वाडी म्हणजे नारळ-पोफळीची बाग. दिवेआगर, श्रीवर्धन या भागात जमिनीचे पट्टे लांबट, पट्टीसारखे असतात. पुढं रस्ता, मग अंगण, मग घर, मग विहीर, त्यामागं वाडी, तिच्यापलीकडं केवडा, वाळू आणि शेवटी समुद्र. घरातलं माणूस मागच्या दारातून निघालं की वाडीतून चालत चालत थेट लाटांपाशी पोचतं.

आणि वाडीत पाऊल टाकलं की कसं वाटतं माहितीये? भर मे महिन्यातसुद्धा माठातल्या पाण्यासारखं गार! सगळ्यात वर नारळाचं छत्र. त्याच्या खाली पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, सडसडीत आणि ताठ. पोफळीच्या अंगावर मिरीचे वेल चढवलेले. त्यांच्या खाली केळी, जायफळ, अळू. एकाच्या सावलीत दुसरं आणि दुसऱ्याच्या सावलीत तिसरं. चार मजली इमारतच म्हणा ना, फक्त जिना नाही. जिना कशाला हवा? पाडेली आहेत की. नारळ-सुपारी पाडणाऱ्या माणसांना इकडं पाडेली म्हणतात. पोफळीच्या शेंड्यावर गेलेला पाडेली खाली न उतरता झाड झुलवतो आणि शेजारचं झाड पकडतो. बघताना आपल्याच पोटात गोळा येतो.

श्रीवर्धनच्या सुपारीला 'रोठा' म्हणतात. आकारानं मोठी आणि आतून पांढरट. झाडावरून उतरवलेली सुपारी महिना-दीड महिना उन्हात वाळवायची, मग सोलायची. ढग दिसले की ती गोळा करायला धावायचं, हे काम घरोघरी मुलांचंच. आणि खेळ म्हणाल तर विरीची गाडी! पोफळीचं पान गळून पडतं, त्याच्या देठाकडचा रुंद, चामड्यासारखा भाग म्हणजे विरी. एकानं तिच्यावर बसायचं आणि दुसऱ्यानं पान धरून वाडीभर ओढत न्यायचं. चड्डीची मागची बाजू फाटेपर्यंत हा खेळ चालतो. (आईंनी हे वाक्य वाचलं नाही तरी चालेल.)

इथं एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच. सुपारी खाल्ल्यानं तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, हे डॉक्टर मंडळींनी केव्हाच सिद्ध केलंय. म्हणून सुपारी पूजेच्या पाटावर असू द्या, तोंडात नको. मग वाडीवाले ती लावतात कशाला? हा प्रश्न त्यांच्या घरातली कॉलेजला गेलेली मुलंही विचारतात. उत्तर सोपं नाही. वाडी लागली तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि एवढ्याशा जमिनीत घर चालवणारं दुसरं पीक पटकन सापडत नाही. नारळ, मिरी, जायफळ आहेत, पण तेवढ्यानं भागतंच असं नाही.

गाव तसं फार जुनं. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधला मराठी ताम्रपट दिवेआगरला सापडलाय. आपल्या भाषेतल्या जुन्यात जुन्या लेखांपैकी तो एक. पण पाहुण्यांची रीघ लागली ती त्याच्यामुळे नव्हे. १७ नोव्हेंबर १९९७ ला एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात निघाला सोन्याचा गणपतीचा मुखवटा, सव्वा किलोहून जास्त वजनाचा! बातमी महाराष्ट्रभर गेली. एस.टी.नं, गाड्या करून, मिळेल त्या वाहनानं लोक दर्शनाला येऊ लागले. आलेल्यांना समुद्र दिसला, भूक लागली, रात्र झाली. घरोघरच्या बायकांनी पानं वाढली, पडवीत गाद्या टाकल्या. पडवीच्या जागी खोली आली, एका खोलीच्या दोन झाल्या. पुढं २४ मार्च २०१२ ला दरोडा पडला. दोन रखवालदारांचा जीव गेला आणि मुखवटा नेऊन वितळवला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये नवा मुखवटा बसवला गेला. मधल्या काळातही पाहुणे येतच राहिले, कारण आता त्यांना समुद्राची आणि घरच्या जेवणाची गोडी लागली होती.

तर असा हा दोन पायांवरचा संसार, एक पाय वाडी आणि दुसरा पाहुणे. मग आला जून २०२०.

तेव्हा करोनाची टाळेबंदी चालू होती, हे तुम्हाला आठवत असेल. पाहुण्यांचा पाय आधीच लंगडा झालेला. ३ जूनला दुपारी साडेबाराच्या सुमारास चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं. त्याचं नाव काय, तर 'निसर्ग'! हे नाव बांगलादेशानं सुचवलेलं. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचा वारा, म्हणजे महामार्गावर गाडी पळते त्याहूनही जोरात, आणि तोही दोन तास. कौलं पतंगासारखी उडाली, विजेचे खांब वाकले, सुरूची झाडं आडवी झाली. मुंबई थोडक्यात वाचली, म्हणून शहरातल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. श्रीवर्धन तालुक्यात मात्र संध्याकाळी लोक मागच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांना घरातूनच समुद्र दिसला. मध्ये झाडंच उरली नव्हती.

त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर दिवेआगरजवळच्या एका गावात ओळखीच्या घरी गेले होते. तिथल्या आजींनी मला पंचनाम्याची गोष्ट सांगितली. सरकारी माणसं विचारायला आली, "आजी, किती झाडं पडली?" आजींनी आकडा सांगितलाच नाही. त्या एकेका बुंध्यापाशी जाऊन सांगू लागल्या. "ही माझ्या सासूबाईंनी लावलेली. ह्या चार, आमच्याकडे पहिल्यांदा पंप आला त्या वर्षीच्या. त्याआधी रहाट होता हो. हा माड थोरल्याच्या बारशाला." माणसं बिचारी लिहिता लिहिता थांबली. त्यांच्या कागदावर बारशाचा रकाना कुठून असणार? शेवटी नातवानं मोजलं आणि आकडा दिला.

आता जरा गणित करू या. सरकारनं आधी बागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये मदत ठरवली. हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे. पण इथल्या वाड्या हेक्टरात नसतात, गुंठ्यात असतात. समजा, तुमची वाडी १० गुंठ्यांची आहे. किती आले? फक्त ५ हजार! लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा झाडामागं पैसे द्यायचं ठरलं. सुपारीच्या झाडाला ५० रुपये आणि नारळाला २५०. समजा, तुमच्या १०० पोफळी आणि १० माड पडले. पाच हजार अधिक अडीच हजार, मिळून साडेसात हजार. पहिल्यापेक्षा बरं. पण एक पोफळ एका वर्षात जेवढी सुपारी देते, तिचेच ५० रुपयांहून जास्त होतात. आणि ती चाळीस-पन्नास वर्षं देत राहते. पुढचा गुणाकार तुम्ही करा.

पडलेल्यांचं झालं, पण उभी राहिली त्यांचं काय? मला वाटलं होतं, वाचली ती वाचली. तसं नसतं म्हणे. पोफळीला भर उन्हाचं वावडं. वरचे माड गेल्यावर दुपारचं पश्चिमेकडचं ऊन थेट तिच्या खोडावर येतं, साल भाजते, चिरा पडतात आणि वादळातून वाचलेलं झाड वर्षा-दोन वर्षांत मरतं. म्हणून त्या घरातल्या काकांनी उरलेल्या पोफळींना झावळ्या गुंडाळल्या होत्या. साडी नेसवल्यासारख्या दिसत होत्या त्या.

खरी अडचण पुढंच आहे. मोकळ्या झालेल्या जागेत करायचं काय?

सुपारीचं रोप लावलं की पहिलं फळ दिसायला पाच-सात वर्षं लागतात, आणि भरघोस उत्पन्नाला दहाच्या पुढं. खोली बांधायला एक हंगाम पुरतो, आणि पुढच्या मे महिन्यात ती पैसे देऊ लागते. त्या घरात रोज रात्री जेवताना हाच वाद चाले. काका म्हणत, "दोन मुलांच्या फिया आत्ता भरायच्यात. सुपारी थांबेल, कॉलेज थांबणार आहे का?" आजी म्हणत, "अरे, पुढच्या वादळात तुझ्या खोलीचं छप्पर कोण धरणार? आजवर ते ह्या झाडांनीच धरलंन." आठवीतला नातू दोघांकडं आळीपाळीनं बघत राही. मी पाहुणी, मी कशाला बोलू? पण मनात म्हटलं, दोघांचंही खरं आहे.

आजींचं म्हणणं भावनेचं वाटेल, पण त्यात विज्ञान आहे बरं का. माडांची आणि केवड्याची दाट रांग वाऱ्याचा जोर मोडते, वाळू धरून ठेवते. पाण्याचंही तसंच. समुद्राजवळच्या विहिरीत गोडं पाणी येतं कुठून? पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्याच्यावर तरंगतं. अगदी डाळीवरच्या तेलासारखं नाही, पण जवळजवळ तसंच. वरचं गोडं पाणी उपसायचा वेग वाढला की खालचं खारं पाणी वर सरकतं. वाडीलाही पाणी लागतं, पण शिंपलेलं बरंचसं पुन्हा तिथंच जमिनीत मुरतं. दहा खोल्यांच्या दहा न्हाणीघरांचं पाणी कुठं जातं, ते पुढच्या वेळी उतराल तिथं विचारून बघा. आणि वाळूतून धुऊन आल्यावर अर्धा तास शॉवरखाली उभं राहणारे तुम्हीच ना?

सगळ्यांनी सारखाच मार्ग धरला नाही. कुणी पट्टा विकून टाकला, तिथं आता उंच कुंपण आहे आणि समुद्राकडं जायची जुनी पायवाट बंद झालीय. कुणी सगळ्या जागेत खोल्या बांधल्या. त्यांना नावं ठेवायचं मला तरी धाडस होत नाही. कर्ज आपल्या डोक्यावर नसलं की सल्ला देणं फार सोपं असतं. काही घरांनी मात्र आधी केळी लावून सावली केली आणि त्या सावलीत सुपारीची रोपं वाढवली.

त्या घरी शेवटी काय झालं? घराला लागून दोन खोल्या झाल्या आणि विहिरीच्या पलीकडं रोपं लागली. बी आजींनीच निवडलं. वादळात तगलेल्या त्यांच्या सासूबाईंच्या पोफळीचंच बी. नातवानं जुन्या शंभरपानी वहीत रेघा मारून रकाने पाडले. रोपाचा नंबर, लावल्याची तारीख, कुणी लावलं. शेवटचा रकाना पंचनाम्यात नव्हता, तो याच्या वहीत आहे. २०२१ च्या पावसाळ्यापासूनची नोंद त्यात सापडते. काही रोपं मेली, त्यांच्यापुढं फुली आणि नवी तारीख. मुक्कामाला आलेल्या मुलांना हवं असेल तर एकेक रोप लावू देतात, पण अट एकच, खड्डा आपला आपण खणायचा. एकेचाळीस नंबरपुढं पुण्याच्या एका मुलीचं नाव आहे, तेव्हा दुसरीत होती. तिला खड्डा खणायला दोन तास लागले आणि ती एकदा रडली, असंही नातवानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय.

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला होता. एकेचाळीस नंबर आता काकांच्या डोक्याच्या वर गेलाय. पोय अजून आलेली नाही, पण सावली पडायला लागलीय आणि आजी दुपारी तिथंच सुपारी सोलत बसतात.